दूध संस्थेतला कॉम्प्युटर आणि ‘नो मॉड्यूल नेम्ड सिरियल’

४ नोव्हेंबर २०२४. आदल्या दिवशी भाऊबीज झालेली, घरात पाहुणे झोपलेले, आणि पहाटे पावणेसहाला काकांचा फोन. काका कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. पावणेसहाला संकलन ऐन भरात असतं, त्या वेळी ते उगाच फोन करत नाहीत.

“अगं, मशीन फॅट दाखवतंय, पण कॉम्प्युटर घेईना झालाय. पडद्यावर नुसतं इंग्रजी आलंय.”

“शेवटची ओळ वाचा काका. वरचं सगळं सोडा.”

काका एकेक अक्षर वाचू लागले. एम, ओ, डी, यू... मागं कॅनांचा खणखणाट, कुणीतरी “माझं घ्या की आधी, एसटी चुकंल” म्हणत होतं. ते निम्म्यावर आले तेव्हाच मला कळलं: ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड सिरियल’, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा ‘सिरियल’ नावाचा कोडाचा तुकडा पायथन या भाषेला सापडला नाही. मी म्हटलं, मशीनच्या डिस्प्लेवर फॅट-एसएनएफ दिसतंय ना, ते वहीत कोड नंबरपुढं लिहून घ्या, मी निघाले. दूध थांबवून ठेवता येत नाही. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत बाया-माणसांनी थंडीत रांगेत उभं राहायचं, हे तर मला अजिबात चालणार नव्हतं.

हा प्रोग्रॅम मी २०२३ च्या उन्हाळ्यात लिहिला. दूध तपासायच्या मशीनमधून सिरियल केबलनं फॅट आणि एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाचा, आकडा येतो, प्रोग्रॅम तो उचलतो, उत्पादकाचा कोड आणि लिटर घेतो, दरपत्रक बघून रक्कम काढतो आणि चिठ्ठी छापतो. दर दहा दिवसांनी बिल निघतं. जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू २२.०४ हे लिनक्स, आणि केबलशी बोलायला पायथनचं पायसिरियल नावाचं पॅकेज, म्हणजे आयत्या कोडाचा गठ्ठा. दीड वर्ष एक दिवसही खाडा नव्हता.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे लॅबमध्ये मुलं सगळ्यात जास्त वेळा हीच एरर घेऊन येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण तिचा अर्थ ‘पॅकेज नाही, परत इन्स्टॉल कर’ असा लावतो. त्या दिवशी गावात जे झालं त्यात या एररचे बहुतेक सगळे प्रकार एकाच टेबलावर बघायला मिळाले. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, काकांना फोनवर सांगते तशा.

मी पोहोचले तेव्हा साडेसहा झाले होते. काकांचा नातू कॉम्प्युटरपुढं बसलेला, चेहरा उतरलेला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीला आलाय. रात्री पडद्यावर ‘नवी आवृत्ती उपलब्ध’ अशी खिडकी आली, त्यानं आजोबांचं काम करून द्यावं म्हणून बटण दाबलं, आणि रात्रभर चालून उबुंटू २४.०४ बसलं. यात त्याची काहीच चूक नव्हती. आवृत्ती कधीतरी बदलणार याची तजवीज मी करून ठेवायला हवी होती.

मी त्याला म्हटलं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बंद करू नकोस. ‘हिस्टरी’ अशी कमांड दिली की आधी काय काय टाइप केलं ते क्रमानं दिसतं. दुरुस्तीला बसताना मी नेहमी हेच आधी बघते, कारण माणूस घाबरला की आपण काय केलं ते त्याला आठवत नाही.

यादी अशी होती. आधी त्यानं ‘पिप इन्स्टॉल सिरियल’ केलं. पिप म्हणजे पायथनची पॅकेजं आणून बसवणारा प्रोग्रॅम. त्यावर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी भलीमोठी एरर आली. मग इंटरनेटवर कुठंतरी वाचून तीच कमांड ‘डॅश डॅश ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ लावून चालवली, ती चालली. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक केलं, तर पुन्हा तीच ‘नो मॉड्यूल नेम्ड सिरियल’. मग टर्मिनलमधून ‘पायथन३’ म्हणून थेट प्रोग्रॅमची फाइल चालवली. आता एरर बदलली: सिरियल नावाचं मॉड्यूल आहे, पण त्यात ‘सिरियल’ नावाचं काही नाही. शेवटी पुढं ‘सुडो’ लावलं, म्हणजे तीच कमांड रूटच्या, मशीनच्या मुख्य मालकाच्या, अधिकारानं चालवली. पुन्हा ‘नो मॉड्यूल नेम्ड सिरियल’.

“आत्या, एकदा सापडतंय, एकदा सापडत नाही. असं कसं?”

त्याचा हा प्रश्न अगदी नेमका होता. एकच मशीन, एकच फाइल, आणि तीन वेळा तीन वेगळ्या पायथननी तिला उत्तर दिलं होतं. चिन्हामागं मी बांधलेलं व्हीएन्व्ह होतं, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं काढलेलं पायथनचं घर. टर्मिनलमध्ये नुसतं ‘पायथन३’ म्हटल्यावर सिस्टिमचा पायथन, पण नातवाच्या लॉगिनमधला. आणि ‘सुडो’ लावल्यावर तोच सिस्टिमचा पायथन, पण रूटच्या नावानं. तिघांची शोधायची ठिकाणं वेगळी.

इम्पोर्ट, म्हणजे ‘हे पॅकेज आत घे’, म्हटल्यावर पायथन काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघितलं की बरीच भीती जाते. मी त्याला ‘पायथन३ डॅश एम साइट’ टाइप करायला लावलं. पडद्यावर फोल्डरांची यादी आली. पायथन ही यादी वरून खाली वाचत जातो. पहिल्या फोल्डरमध्ये त्या नावाचं काही मिळालं तर तिथंच थांबतो, नाही मिळालं तर पुढच्यात बघतो, आणि यादी संपली की ‘नॉट फाउंड’ म्हणतो. यादीबाहेर तो पाऊल टाकत नाही. पॅकेज शेजारच्या फोल्डरमध्ये पडलेलं असलं तरी त्याच्या लेखी ते नाहीच. म्हणून ही एरर वाचताना मी मनात एक शब्द घालते: ‘मला सापडलं नाही’. मला म्हणजे कुणाला, हे आधी विचारायचं.

आता चिन्हामागच्या पायथनकडं वळलो. व्हीएन्व्हच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये जाऊन ‘एलएस डॅश एल’ केलं. तिथं तीन नावं दिसली: पायथन, पायथन३ आणि पायथन३.१०. तिन्ही खऱ्या फाइली नव्हेत, नुसते बाण, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडं बोट दाखवणारी नावं. पायथन३.१० चा बाण पायथन३ कडं, आणि पायथन३ चा बाण ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ कडं. उबुंटू २२.०४ मध्ये त्या जागी पायथन ३.१० होता. २४.०४ आल्यावर तिथं ३.१२ येऊन बसला. बाण तसेच राहिले, समोरचा माणूस बदलला. मी ‘पायथन३.१०’ या नावानं पायथन सुरू केला आणि त्याला आवृत्ती विचारली. उत्तर आलं ३.१२. नातू खुर्चीवरून पुढं सरकला.

पॅकेजं मात्र जिथल्या तिथं होती. व्हीएन्व्हच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये ‘पायथन३.१०’ असं एक फोल्डर, त्यात ‘साइट-पॅकेजेस’, त्यात पायसिरियल सुखरूप. पण ३.१२ शोधतो ‘लिब/पायथन३.१२’ मध्ये, आणि त्या नावाचं फोल्डरच नव्हतं. दीड वर्ष जपलेलं सामान घरातच होतं, फक्त नवा माणूस त्या खोलीत जातच नव्हता. याच कारणानं व्हीएन्व्हमधला पिपसुद्धा ‘नो मॉड्यूल नेम्ड पिप’ म्हणत होता. पिप हेही शेवटी पायथनचं एक पॅकेजच, तेही जुन्या खोलीत अडकलेलं.

मुलं इथं हमखास फसतात. व्हीएन्व्ह ॲक्टिव्हेट केलेलं असतं, टर्मिनलच्या ओळीपुढं कंसात त्याचं नाव दिसत असतं, मग शंका येणार कुठून? ते नाव फक्त वाट बदलल्याची खूण आहे. आत कोण बसलंय ते त्यावरून कळत नाही.

अशा वेळी व्हीएन्व्ह दुरुस्त करत बसू नये, नवं बांधावं. पण आधी कोणती पॅकेजं होती ते कळायला हवं, आणि मी यादीची फाइल ठेवली नव्हती. ती जुन्या खोलीतच मिळाली. साइट-पॅकेजेसमध्ये प्रत्येक पॅकेजबरोबर एक ‘डिस्ट-इन्फो’ फोल्डर असतं आणि त्याच्या नावातच आवृत्ती लिहिलेली असते: ‘पायसिरियल-३.५.डिस्ट-इन्फो’. तेवढी नावं वाचून मी वहीच्या मागच्या पानावर उतरवली. पिप चालत नसताना ही युक्ती फार उपयोगी पडते.

मग नवं व्हीएन्व्ह करायला गेले तर ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’, म्हणजे नव्या घरात पिप बसवणारा तुकडाच नाही. डेबियन (उबुंटू ज्यावर बेतलंय ते लिनक्स) आणि उबुंटू पायथनचा हा तुकडा वेगळ्या पॅकेजात ठेवतात. २०२३ मध्ये मी ‘पायथन३.१०-व्हीएन्व्ह’ असं आकड्यासकट नाव देऊन ते घातलं होतं, त्यामुळं नव्या पायथनबरोबर ते आपोआप आलं नाही. या वेळी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व्ह’, बिनआकड्याचं. (ॲप्ट म्हणजे उबुंटूची स्वतःची पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम.) संस्थेच्या खोलीत मोबाइलला नीट रेंज नसते. फोन खिडकीच्या गजांत उभा करून हॉटस्पॉट दिला, काकांनी त्याला टेकू म्हणून रबरी शिक्का लावला. ॲप्ट संपलं, व्हीएन्व्ह झालं, आणि मग ‘व्हीएन्व्ह/बिन/पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पायसिरियल’.

‘डॅश एम पिप’ का म्हणायचं, हेही नातवाला तेव्हाच सांगितलं. नुसतं ‘पिप’ म्हटलं की टर्मिनल वाटेत पहिला भेटेल तो पिप उचलतो आणि तो कुठल्या पायथनचा आहे ते आपल्याला दिसत नाही. पायथनचं नाव घेऊन त्याच्याच तोंडून पिप चालवला की ज्याच्याकडून इम्पोर्ट करायचं त्याच्याच घरात पॅकेज जातं. लॅबमध्ये मी हे इतक्या वेळा सांगते की मुलं माझ्याआधी म्हणतात.

आता त्याच्या पहिल्या कमांडकडं. इम्पोर्ट करताना नाव ‘सिरियल’, पण पायपीआयवर, म्हणजे जिथून पिप पॅकेजं आणतो त्या भांडारात, त्याचं नाव ‘पायसिरियल’. तिथं ‘सिरियल’ नावाचंही एक पॅकेज आहे, आणि ते संपूर्ण वेगळं आहे: माहिती जेसन, यामल अशा रूपांत बदलायचं. केबलशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘सिरियल आहे, पण त्यात सिरियल नाही’ ही चमत्कारिक एरर आली होती. अशी दुहेरी नावं पुष्कळ आहेत. इम्पोर्ट पीआयएल, पण पॅकेज पिलो. इम्पोर्ट सीव्ही२, पण पॅकेज ओपनसीव्ही-पायथन. इम्पोर्ट यामल, पण पॅकेज पाययामल. इम्पोर्ट एसकेलर्न, पण पॅकेज सायकिट-लर्न. इम्पोर्ट बीएस४, पण पॅकेज ब्यूटिफुलसूप४. एररमधलं नाव उचलून पिपपुढं टाकायची सवय मला म्हणूनच धोक्याची वाटते. भांडारात पॅकेज कुणीही ठेवू शकतो, आणि प्रसिद्ध नावांच्या जवळची नावं घेऊन घातक कोड ठेवल्याचे प्रकार तिथं वारंवार उघडकीला आलेत. नाव त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावर बघूनच घ्यावं. दीडेकशे घरांचे दुधाचे पैसे ज्या मशीनवर मोजले जातात तिथं अंदाजानं नाव टाकणं मला पटत नाही.

ते चुकीचं सिरियल नातवाच्या होम फोल्डरमधल्या ‘.लोकल’मध्ये जाऊन बसलं होतं. व्हीएन्व्ह तिथं बघत नाही, म्हणून चिन्हावर क्लिक करून फरक पडला नाही. रूट स्वतःच्या होममध्ये बघतो, नातवाच्या नाही, म्हणून ‘सुडो’ लावल्यावर ते दिसेनासं झालं. तिन्ही उत्तरांचा हिशेब लागला. ते पॅकेज मी काढून टाकलं.

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ या एररविषयी मला थोडं थांबून बोलायचंय, कारण तिच्यावर लोक फार रागावतात. नेटवर तर तिच्यामागची फाइल पुसून टाका असाही सल्ला मिळतो. ही व्यवस्था पायथनच्या पेप ६६८ या प्रस्तावातून आली. उबुंटूत ती २३.०४ पासून आणि डेबियनमध्ये २०२३ च्या जूनमधल्या डेबियन १२ पासून आहे. पायथनच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ नावाची एक फाइल असते, ती दिसली की पिप हात मागं घेतो. कारण हा पायथन फक्त आपला नसतो. उबुंटूची फायरवॉल चालवणारं यूएफडब्ल्यू, नवी आवृत्ती बसवणारा प्रोग्रॅम, चुकीची कमांड दिल्यावर ‘हे पॅकेज घाला’ असं सुचवणारा प्रोग्रॅम, हे सगळे त्याच पायथनवर चालतात. आपण पिपनं एखादं पॅकेज वर-खाली केलं की ॲप्टला न कळता यांच्यापैकी एकाच्या पायाखालची फरशी हलते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, मी लॅबमधल्या एका मशीनवर उबुंटू १८.०४ चा पायथन ३.६ बाजूला सारून ‘/यूएसआर/बिन/पायथन३’चा बाण ३.८ कडं वळवला. मुलांना नवी आवृत्ती मिळावी म्हणून. पाच मिनिटांत टर्मिनल उघडेना. ॲप्ट चालवलं तर ‘नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी’. त्या मॉड्यूलची फाइल ३.६ साठी बांधलेली होती, फाइलच्या नावातच ‘३६एम’ असा आकडा होता, ३.८ ला ती उघडता येणार नव्हती. उबुंटूचं टर्मिनलही सुरू होताना आधी पायथनमधून जायचं, म्हणून तेही बंद. शेवटी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं, बाण परत ३.६ कडं वळवला, आणि रात्री दहाला घरी गेले. तेव्हापासून सिस्टिमचा पायथन हा सिस्टिमचा, त्याला मी हात लावत नाही. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी खरं तेच लिहून ठेवलंय.

गावात परत येऊ. पायसिरियल बसलं, चिन्हावर क्लिक केलं, आणि नवी एरर: ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’. नातवानं लगेच पिप टाइप करायला घेतलं, मी हात धरला. डिस्टयुटिल्स हे पायथनच्या स्वतःच्या भांड्यांपैकी होतं. ३.१० मध्येच ते जाणार असं जाहीर झालं होतं आणि ३.१२ मध्ये ते काढून टाकलं. सेटिंगच्या फाइलमधलं ‘येस’ किंवा ‘नो’ वाचायला मी त्यातलं एक छोटं फंक्शन वापरलं होतं. सेटअपटूल्स नावाचं पॅकेज घातलं की डिस्टयुटिल्स मागच्या दारानं परत मिळतं, आणि दुसऱ्याचा कोड असता तर मी तेच केलं असतं. पण माझ्याच कोडातल्या एका फंक्शनसाठी आख्खं पॅकेज कशाला? पाच ओळींचं फंक्शन लिहिलं आणि ती इम्पोर्टची ओळ काढली. सात वाजून वीस मिनिटांनी पहिली चिठ्ठी छापून आली. रांगेत सतरा-अठरा माणसं उरली होती. वहीतले आकडे नातवानं नंतर बसून एकेक करून भरले, काका वाचत होते.

मला वाटलं संपलं. तीन दिवसांनी काकांनी विचारलं, “रात्रीचा गोशवारा येत न्हाई गं आता?” रात्री नऊला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी लिनक्सची सोय, एक छोटा प्रोग्रॅम चालवतो, तो दिवसाचं दूध एक्सेलच्या फाइलीत मांडतो. त्याला ओपनपायएक्सेल लागतं, आणि ते मी २२.०४ वर व्हीएन्व्हच्या बाहेर, नुसत्या पिपनं ‘.लोकल’मध्ये घातलं होतं. तेव्हा पिप अडवत नव्हता. तिथंही फोल्डरच्या नावात ३.१० होतं, ३.१२ तिकडं बघेना. एरर रोज रात्री येत होती, पण बघायला कुणी नव्हतं. क्रॉन आपलं म्हणणं मेलनं पाठवतो, आणि मशीनवर मेलची व्यवस्था नसली की ते फेकून देतो. सिस्टिमच्या लॉगमध्ये तशी सरळ ओळच होती: ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’. आता ओपनपायएक्सेल व्हीएन्व्हमध्ये आहे, क्रॉनच्या ओळीत व्हीएन्व्हच्या पायथनचा पूर्ण पत्ता आहे, आणि जे काही छापून येईल ते एका लॉग फाइलीत जातं. क्रॉन आपलं टर्मिनल ओळखत नाही, आपण केलेलं ॲक्टिव्हेटही त्याला माहीत नसतं. त्याला पत्ता सांगावाच लागतो.

‘सुडो’चं वेड कुठून येतं तेही सांगते. शेजारच्या गावच्या संस्थेतही माझाच प्रोग्रॅम आहे. तिथल्या ऑपरेटरला एकदा ‘परमिशन डिनाइड’ आलं, कारण ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ हे पोर्ट उघडायची परवानगी त्याच्या लॉगिनला नव्हती. त्यानं सुडो लावलं, पायथनच बदलला, परवानगीची एरर गेली आणि मॉड्यूलची आली. मग मॉड्यूलच्या मागं लागला. खरा उपाय पहिल्या एररला हवा होता: त्याचं नाव ‘डायलआउट’ या ग्रुपमध्ये घालायचं, आणि लॉगआउट करून परत यायचं. परत लॉगिन केल्याशिवाय ग्रुप लागू होत नाही, इथं बऱ्याच जणांचा अर्धा तास जातो.

लॅबमधली दोन प्रकरणं थोडक्यात. एखादा मुलगा सिरियल पोर्टचा सराव म्हणून फाइल लिहितो आणि तिला ‘सिरियल.पीवाय’ नाव देतो. यादीत पहिलं फोल्डर चालू प्रोग्रॅमचं स्वतःचं असतं, म्हणून पायथनला खऱ्या पायसिरियलच्या आधी ही फाइल सापडते. ‘सीएसव्ही.पीवाय’, ‘रँडम.पीवाय’चं तेच. मॉड्यूलची ‘फाइल’ ही किंमत छापून बघितली की ते कुठून आलं ते लगेच दिसतं. पायथन ३.१३ पासून एररच नाव बदलायचं सुचवते, ही मला फार आवडलेली सुधारणा आहे. दुसरं प्रकरण ओपनसीव्हीचं, म्हणजे चित्रांवर काम करणाऱ्या पॅकेजचं. ‘लिबजीएल.एसओ.१’ उघडता येत नाही असं येतं आणि मुलं पिप पुन्हा पुन्हा चालवतात. इथं एररचं नाव नीट बघायचं: ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ नसून नुसती ‘इम्पोर्ट एरर’ आहे. पायथनला त्याची वस्तू सापडली, पण तिला लागणारी लिनक्सची लायब्ररी नाही, आणि ती ॲप्टकडं मिळते. ज्या मशीनला पडदाच नाही तिथं ओपनसीव्हीचं ‘हेडलेस’ पॅकेज घातलं की ही लायब्ररी लागतच नाही.

त्या आठवड्यातच मी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये पॅकेजांची यादी ठेवली आणि व्हीएन्व्ह नव्यानं बांधणारी चार ओळींची स्क्रिप्टही. तिचा उपयोग आता नातूसुद्धा करू शकतो, त्यानं एकदा माझ्यासमोर करून दाखवलं. चिन्हावर क्लिक झाल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीत आपण कुठला पायथन आहोत ते छापतो, पत्त्यासकट आणि आवृत्तीसकट. आणि कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरखाली, एक पुठ्ठा आहे. त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलंय: आधी पहिली ओळ, मग शेवटची ओळ, मग फोन.

फेब्रुवारीत पुन्हा पहाटे फोन आला. मी उठून बसले, वही ओढली. काकांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली, “लिहून घे. होम, दूध, व्हीएन्व्ह, बिन, पायथन. तीन पॉइंट बारा.” मग शेवटची ओळ वाचली, यूएसबी शून्य सापडत नाही म्हणून. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, “पायथन तर आपलाच हाय. मग केबलच बघतो,” आणि फोन तसाच चालू ठेवून ते टेबलाखाली वाकले.